जुमाचे डोळे

देवपूर, ४ जानेवारी
सलीम येऊन गेला. हयातभर धुळ्यातील दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माझ्या या मित्राने अखेर आपली चित्रकादंबरी पुरी केली. कथा त्याच्या आजोबांची: पहिल्या महायुद्धात आफ्रिकेत, जर्मनांच्या वसाहतीत, इंग्रजी फौजेची खेचरे हाकणारे आजोबा आणि ओझी वाहणारा तिथला जुमा. तापाने फणफणलेल्या आजोबांना पाठीवर घेऊन जुमा नदी ओलांडतो. अखेरच्या पानावर युद्ध सरलेले. आजोबा बोटीत, जुमा किनाऱ्यावर. साहेबाचे फक्त बूट दिसतात.
"झेरॉक्समध्ये रंग मरतात, मास्तर. ही मूळ पानं आहेत. तपासून दे, पण खुणा पेन्सिलीनं कर."

७ जानेवारी
थकवा. डोळे चुरचुरतात. तरीही तपासणी संपवली. स्वल्पविरामांची हेळसांड आहे. पण जुमा मनातून जात नाही.

८ जानेवारी
अक्षम्य. अखेरच्या पानावर, उत्तरपत्रिकांच्या सवयीने, लाल शाईत बरोबरची खूण केली आहे. जुमाच्या चेहऱ्यावरून आरपार. पसंतीचीच, पण...
पाने न्यायला आलेल्या सलीमने ते पान उजेडात धरले.
"मार्क किती दिले, मास्तर?"
चहा न घेता गेला.

१९ जानेवारी
सलीम जळगावला, मुलीकडे. फोन घेत नाही. नसरीनच बोलली. "नाना, अब्बा म्हणतात, पुस्तक छापायचंच नाही. तुम्ही तरी समजवा." मी? कोणत्या तोंडाने?

जळगाव, २७ जानेवारी
पारोळ्यामार्गे बसने आलो. कंबर गेली. सलीमने ना सलाम केला, ना नमस्कार. पान व ब्लेड पुढे सरकवले.
"खरवड."
"माझा हात थरथरतो, सलीम."
"माझा काय दगडाचा शे? म्हणून तर दुसरं पान होणार नाही. खरवड."
खरवडले. लाल रेघ निघाली. तिच्याबरोबर जुमाचे डोळेही. नसरीन पदर तोंडाला लावून उभी. सलीम आधी कागदाकडे, मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.
"चष्मा काढ."
"कशाला?"
"मागं राहिलेला माणूस कसा बघतो, ते बघू दे. अन् बोलू नको. आयुष्यात एकदा तरी."
त्याने पेन्सिल उचलली. मी चष्मा काढला. समोरचे सारे धूसर झाले. पेन्सिल कागदाला लागल्याचा आवाज काही आला नाही.
"उजेड गेला," तो उठत म्हणाला. "सकाळी परत बस."
मुक्काम इथेच. नसरीनने दोन ताटे वाढली आहेत. तो अद्याप हात धूत आहे.