नाव माझं, फोटो डेलचा

अर्लीन,

तो डेटनचा कार्डवाला प्रुइट दुपारी येईल. त्याला बसव, कॉफी दे, कालचा ॲपल पाय उरलाय तो दे. मी घरात नाही आणि मी खेळायचो तेव्हा छापलेलं माझं बेसबॉलचं कार्डही घरात नाही, असं सांग. चिडला तर चिडू दे.

काल फोनवर म्हणाला, "नाव तुमचं आणि फोटो भलत्याचाच, म्हणून तर त्याला एवढा भाव! वर तुमची सही झाली, की बघायलाच नको." मी हो म्हणून बसलो. सकाळी पेन घेतलं, तर हात चालेना. कार्डावर बॅट खांद्यावर टाकून आमच्या टीममधला डेल हसतोय. त्याच्या छातीवर माझी सही कशी करू? पण नाव तर माझंच आहे.

छापणाऱ्यांची चूक बघून तेव्हा मी आणि डेल पोट धरून हसलो होतो. "पुढच्या वर्षी माझ्या कार्डावर तुझं थोबाड छापतील," म्हणाला होता. त्याच हिवाळ्यात गाडी घसरून तो गेला. त्याचं कार्ड निघालंच नाही.

त्याची मुलगी फोर्ट वेनला असते. बाप गेल्यावर जन्मली, त्याला खेळाच्या कपड्यात तिनं फोटोतही कधी पाहिलेलं नाही. तिला दाखवायला चाललोय. परत आणीन की तिथंच ठेवून येईन, मलाच कळत नाहीये. पैशावाचून छपराचं काम अडलंय, तेही डोक्यात आहे.

तू येईपर्यंत थांबून तुला विचारणार होतो. पण तू "विकून टाक" म्हणाली असतीस, तर मी विकलं असतं. म्हणून निघालो.

हॉब