उजव्या हातात कोपीची पिशवी

आई, परवा सेंगकांगच्या बास्केटबॉल कोर्टावर एका मुलीच्या अंगावर कॉफी सांडली आणि मला तुझा पांढरा टी-शर्ट आठवला. उजव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, तपकिरी डाग पडलेला. शनिवारचे कपडे मशीनला लावायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तो डाग लिंबू चोळून मी बरेचदा काढलाय. आपलं घर चहाचं. तुला कॉफीचा वाससुद्धा नको असायचा. ऑफिसात कोणी आग्रहानं पाजलीच तर घरी येऊन आल्याचा चहा घेतल्याशिवाय तुझं डोकं ताळ्यावर यायचं नाही. मग दर शनिवारी हा कॉफीचा डाग कुठून यायचा? तेव्हाही मला हा प्रश्न पडला होता, नाही असं नाही. पण सोळाव्या वर्षी माणूस स्वतःतच इतका गुंतलेला असतो की आईच्या कपड्यावरचा डाग म्हणजे एक जादाचं काम, एवढंच त्याला कळतं. आता उत्तर मिळालंय, आणि ज्या बाईला ते सांगायचं तीच नाही. म्हणून लिहायला बसलेय.

ते दिवस आठव. माझी ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा झालेली, निकाल यायचाय. तेव्हा इथे एक गमतीची पद्धत होती, आता ती बंद झाली. निकालाच्या आधीच, शाळेतल्या सराव परीक्षेच्या मार्कांवर, जानेवारीत ज्युनियर कॉलेजात जाऊन बसायचं. मार्चच्या सुमाराला खरा निकाल लागला की मुलं पुन्हा उठायची आणि ज्याला जसे मार्क पडले तशी दुसऱ्या कॉलेजांत पांगायची. त्या काळाला सगळे फर्स्ट थ्री मंथ्सच म्हणायचे. अभ्यासाचं एक वेळ ठीक, पण बास्केटबॉलच्या कोचचे त्यात फार हाल. समोर उभ्या असलेल्या नव्या मुलींपैकी कोण राहणार आणि कोण उडून जाणार, कोणालाच ठाऊक नाही. शहाणे कोच त्या महिन्यांत नव्या मुलींना नुसतं पळवायचे, घाम काढायचे. खरं शिकवायचं ते निकालानंतर, ज्या उरतील त्यांना. आपण घडवायचं आणि मोठ्या कॉलेजानं आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, हे कोण करून घेईल?

आपल्या यिशुनच्या घराजवळच्या कॉलेजचे कोच मात्र त्या बाबतीत वेडेच होते. पीटीचे निवृत्त मास्तर, बुटके, गळ्यात शिट्टी असून ती कधी न वाजवणारे. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे बास्केटखाली जाऊन उभी राहिले. उंच मुलीची जागा तीच, शाळेपासून तेच केलेलं. ते चालत जवळ आले आणि म्हणाले, "व्हाय यू स्टँड हिअर? यू पे रेंट अ?" मी म्हटलं, सर, मी सेंटर खेळते. "हू से?" असं विचारून त्यांनी माझ्या डाव्या हातात बॉल दिला आणि उजव्या हातात पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी, वर दोरी बांधलेली, इथे कोपी, म्हणजे इथली कॉफी, पार्सल देतात तसली. डाव्या हातानं टप्पे टाकत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. उजवा हात मदतीला आला की पिशवीला हिसका बसतो आणि पाणी सांडतं. सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या कोर्टावर ते यासाठी स्वतःची कोपीच देतात, असं जुन्या मुली सांगायच्या. हॉलच्या लाकडी फरशीवर कोपीला बंदी, म्हणून आमच्या वाट्याला पाणी.

हे मी तुला घरी येऊन सांगितलं तो क्षण मला स्वच्छ दिसतो. तू पोळ्या करते आहेस, मी ओट्याला टेकून बडबडते आहे. तू विचारतेस, "पिशवी कुठल्या हातात?" मी म्हणते, उजव्या. "आणि नजर? बॉलकडे की समोर?" मी म्हणते, समोर. तव्यावरची पोळी करपते. तुझी पोळी कधी करपायची नाही, म्हणून लक्षात राहिलं. मग तू तुझं पुणं सांगितलंस. साताऱ्याहून तुला एका कॉलेजनं उचलून नेलं होतं, होस्टेलसकट, कारण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला त्यांना उंच मुलगी हवी होती. दुसऱ्या वर्षी त्याहून मोठ्या कॉलेजनं तुला फोडलं, तेही उंचीसाठीच. दोन्हीकडे शिकवण एकच. बॉल आला की धर, डोक्यावर ठेव, बुटक्या मुलीला दे. एकदा तू स्वतः बॉल घेऊन पुढे निघालीस तर मास्तर मैदानभर ओरडले होते, "अगं ए, तुला आपटायला कोणी सांगितलं?" तू हसत म्हणालीस, "माळ्यावरचं काढायला शिडी लागते ना, काढून झालं की दारामागे. तसं होतं माझं." तू हसत होतीस म्हणून मीही हसले.

निकाल लागला आणि मला मार्क बरेच पडले. दोनच दिवसांत शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या कोचचा घरी फोन. त्यांची टीम दरवर्षी वरच्या चारांत असायची. पाडव्याला महाराष्ट्र मंडळात गेलो तर सगळ्या काकूंचं एकच टुमणं, "अगं, वरचं कॉलेज मिळतंय तर विचार कसला करतेस?" विचार असा की ज्या माणसानं मला बास्केटखालून बाहेर काढलं, त्याला शिकवून झाल्या झाल्या टांग मारायची? आणि तिकडे गेल्यावर त्यांनी पुन्हा मला बास्केटखाली उभं केलं तर? मी तुला विचारलं, जाऊ की राहू. बाबा नेहमीप्रमाणे जकार्ताला, म्हणजे उत्तर तुझ्याकडूनच यायला हवं होतं. तू म्हणालीस, "मार्क तुझे, पाय तुझे. तूच ठरव." मी चिडले. एरवी मी केस किती कापायचे तेही तू ठरवायचीस, आणि इथे मूग गिळून बसलीस! त्या शनिवारी कॅनव्हासचे बूट घालून तू निघालीस. कुठे, तर "कोचना जरा भेटून येते." परत आलीस तेव्हा चेहरा लालबुंद, केस घामानं चिकटलेले. मी विचारलं, काय म्हणाले? "काही नाही. चांगला माणूस आहे," म्हणून आंघोळीला गेलीस. टी-शर्टावर तो डाग. मी मनाशी हिशेब जुळवला की कोचनी कोपी पाजली, माझ्यावरून तुमचं वाजलं, आणि रागात तुझ्या अंगावर सांडली.

मी गेले. जायच्या आधीच्या शुक्रवारी कोचनी मला पाठीमागून बॉल फिरवून दिशा बदलायचं शिकवायला घेतलं. नवीन! मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, सर, मी सोमवारपासून नाहीये. तर म्हणाले, "मंडे इज मंडे. टुडे यू स्टिल हिअर, व्हॉट." आणि जमेपर्यंत करून घेतलं.

खरी गंमत पुढे आहे. मी कॉलेज बदललं तरी तू शनिवारची जातच राहिलीस. आठवडेच्या आठवडे. "कोचना भेटून येते." आता काय भेटायचं राहिलं होतं? माझी खात्री पटली की मी गेले हे तुला आवडलेलं नाही, आणि तू माझ्या वतीनं त्या माणसाची समजूत काढते आहेस. तू स्वतः उचललेली, फोडलेली खेळाडू. आपल्या मुलीनंही तेच करावं याचं तुला वाईट वाटत असणार. विचारायचा धीर झाला नाही. नव्या कॉलेजात त्यांनी मला पहिलं वर्ष बास्केटखालीच उभं केलं, तेव्हा तर वाटलं, बघ, आई न बोलता हेच सांगत होती. दुसऱ्या वर्षी आमच्या गार्डचा, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या मुलीचा, पाय मुरगळला, कोणीच नव्हतं म्हणून बॉल माझ्याकडे आला आणि मग तो माझ्याकडेच राहिला. त्या मॅचला तू स्टँडमध्ये होतीस. घरी येताना एमआरटी ट्रेनमध्ये एवढंच म्हणालीस, "डावा हात छान चालला." मला वाटलं होतं त्या दिवशी तरी म्हणशील की गेलीस ते बरं केलंस. नाही म्हणालीस. पुढे तुझं आजारपण, माझी नोकरी, आणि मग तू गेलीस. प्रश्न माझ्याजवळच राहिला. खरं सांगते, दुखायचा तो.

आता परवाचं ऐक. सेंगकांगला मी रविवारी मुलींना शिकवते. त्यातली एक उंच, चुणचुणीत पोर, तिला दुसऱ्या शाळेनं घेतलंय, पुढच्या वर्षी ती आमच्याविरुद्धच खेळेल. बाकीच्या मुलींच्या आया मला म्हणाल्या, तिच्यावर कशाला वेळ घालवता? तरी मी शिकवते, का ते विचारू नकोस. परवा पाण्याची पिशवी फुटली, म्हणून मी माझीच कोपीची पिशवी तिच्या उजव्या हातात दिली. दुसऱ्याच फेरीला सांडली. "अय्यो, माय मदर स्कोल्ड मी, ला!" म्हणून ती टी-शर्ट झटकायला लागली. उजवी बाजू, कमरेच्या जरा वर. मी बघतच राहिले. तिला वाटलं मी रागावले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई! डाग मी माझ्या हातानं धूत होते. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. घाम, कॅनव्हासचे बूट. पुलाउ उबीन बेटावर सायकली घेऊन गेलो होतो तेव्हा तू उजव्या हातात नारळपाण्याची पिशवी धरून एका डाव्या हातानं सायकल चालवत होतीस. मी ओरडले, "अगं दोन्ही हातांनी धर, पडशील!" आणि तू मागं न बघता खदखदून हसलीस. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "शनिवारी गुडघे दुखतात म्हणायची बुवा. मी म्हटलं वय झालं." म्हणजे त्यांनाही तू ताकास तूर लागू दिली नव्हतीस.

काल यिशुनला गेले. कोच अजून त्यांच्या इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये बसतात, आता काठी आलीये. मी विचारलं, सर, माझी आई शनिवारी तुमच्याकडे यायची ती कशाला? ते म्हणाले, "शी नेव्हर टेल यू अ?" आणि मग हसायलाच लागले. पहिल्या शनिवारी तू म्हणे सरळ कोर्टावर आलीस. ते मनात माझ्याबद्दलचं भाषण तयार करून बसलेले. तू माझं नावसुद्धा काढलं नाहीस. म्हणालीस, मला डाव्या हातानं टप्पा शिकवा. ते म्हणाले, मॅडम, कोणत्या टीमसाठी? तू म्हणालीस, टीम नाही. त्यांनी तुझ्या हातात कोपी दिली. तू सांडलीस, पुन्हा पहिल्यापासून गेलीस. शेंडी तुटो की पारंबी तुटो, एकदा तरी न सांडता पलीकडे जायचं. "व्हेरी स्टबर्न, युवर मदर. माय कोपी ऑल फिनिश," कोच म्हणाले.

मग मी तो प्रश्न विचारला. मी गेले, त्याबद्दल ती काहीच बोलली नाही का? कोचनी कपातली कोपी ढवळली. म्हणाले, "वन टाइम ओन्ली. आय आस्क हर, यू अँग्री ऑर नॉट, डॉटर गो? शी से, मी दे टेक बिकॉज टॉल. माय गर्ल दे टेक बिकॉज कॅन प्ले. नॉट सेम." तुझी इंग्लिश इतकी वाईट नव्हती, ही त्यांची. पण वाक्य तुझंच. तुला उंच होतीस म्हणून नेलं, मला खेळता येतं म्हणून. ते मला सांगितलं असतंस तर? इतकी वर्षं मी उगाच मनाला लावून घेतलं. कॉफी शॉपमध्ये मी रडले, आणि कोचनी शेजारच्या टेबलावरून टिश्यूचं पाकीट आणून दिलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? टाकणार नाहीच. पण एक कबूल करते. निघताना कोच मागून म्हणाले, "लेफ्ट हँड, युवर मदर बेटर दॅन यू." आणि मला तुझा हेवा वाटला, चक्क हेवा. मी वाटेत एक कोपी पार्सल घेतली, सेंगकांगला माझ्या इमारतीखालच्या कोर्टावर गेले आणि पिशवी उजव्या हातात धरून डाव्या हातानं टप्पे टाकत निघाले. अर्ध्यातच सांडली, आई.