श्वास घ्या, आबा

कोल्हापूर,
फेब्रुवारी १९५४

प्रिय आक्का,

हे पत्र पोस्टमनकडून वाचून घेऊ नकोस. मास्तरांच्या विमलाला घरात बोलाव आणि दार लावून वाचून घे. घाबरू नकोस, आबा बरे आहेत. आज उठून बसले, पेज प्याले आणि ‘हितली पेज म्हंजे निस्तं कोमट पानी की’ म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पावण्यांना हसवलं.

पण परवा तू दुपारच्या एसटीनं गडहिंग्लजला निघालीस, त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. ऑपरेशनला एकच दिवस झाला होता, टाके ओढत होते. तू म्हणालीस, ‘बा हितं कन्हतोय आन् तू घड्याळ बघतीस व्हय गं?’ मला हसू आलं, वाईटही वाटलं. आक्का, मॉर्फिनची सुई ठरल्या वेळेआधी देता येत नाही. देण्याआधी मागची वेळ बघायची, श्वास मोजायचे, आणि रोग्याच्या माणसांना विचारायचं, घरचं आणखी काही दिलंय का. एक वाजता मी वेळ बघितली. श्वास मोजले, सोळा भरले. तिसरं न विचारताच सुई दिली. तू तिथंच पिशवी आवरत होतीस, पण माझ्याबरोबर नर्सिंग शिकणाऱ्या दोघी शेजारी उभ्या होत्या. आपल्या कोनाड्यात अफूची डबी असते हे त्यांना कळायला नको, असं मला वाटलं. घरातली पहिली शिकलेली मुलगी मी, आणि घरच्याच डबीची लाज आड आली.

तू गेलीस. आबांचा चेहरा सैल पडला. खिडकीतून ऊन आणि कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास आत येत होता. आबा डोळे मिटून मोटेचे बैल हाकत होते, तोंडातल्या तोंडात. मीही मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून बसल्यासारखी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. मोट खाली जायची, वर यायची. मग एकदा खाली गेली ती वर येईचना. मी दचकून उठले. मिनिटाला पाच श्वास. ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

मी सिस्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले, प्राणवायू लावला आणि मला म्हणाले, यांना झोपू देऊ नकोस, श्वास घ्यायला सांगत राहा. मी कानाशी म्हटलं, श्वास घ्या, आबा. त्यांनी घेतला आणि थांबले. परत सांगितलं, परत घेतला. ज्यांच्यापुढं जन्मात मान वर केली नाही, ते आबा माझ्या सांगण्यावर एकेक श्वास घेत होते. दिवेलागण झाली तेव्हा कुठं ते आपले आपण घ्यायला लागले. डोळे उघडून म्हणाले, ‘आक्कीनं गुळातनं गोळी दिलती की. लई ग्वाड झोप लागली.’

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. विचारायचं काम माझं होतं, चूक माझी. तू मायेनं दिलीस. काल टाके पुन्हा ठणकू लागले तेव्हा सुई भरायला माझा हात पुढं होईना. सिस्टर म्हणाल्या, ‘तू भ्यालीस म्हणून बापानं कण्हत राहायचं होय?’ डॉक्टरांनी मात्रा कमी केली, मी उशाशी बसून श्वास मोजत राहिले. आबा शांत झोपले, आणि हाक मारली की ‘ओ’ देत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रोज रानात जाताना तू त्याच डबीतली मोहरीएवढी गोळी उगाळून तुझ्या तान्ह्या ज्ञानूला देतेस. आईनं आपल्याला दिली, आपण दोघी जगलो. आपल्या दोघींच्या मधला भाऊ मात्र झोपेतच गेला, आणि त्याला दृष्ट लागली असं आई सांगत आली. परवापासून मला ते खरं वाटत नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. आबांना मी श्वास घ्या म्हटलं, त्यांनी घेतला. पाच महिन्यांच्या लेकराला श्वास घे म्हटलेलं काय कळणार? एकदम बंद केलं तर तो हैराण होईल, डॉक्टर स्वतः बघून हळूहळू सोडवणार आहेत. तुला इथं कुणी बोलणार नाही, मी आधीच सांगून ठेवलंय. पत्र मिळताच ज्ञानूला घेऊन पहिल्या एसटीनं ये. मी स्टँडवर उभी असेन.

तुझीच,
हौसा