अंगठीतला हिरा गळ्यात

वसुमती श्रीनिवास टोणपे, तुझे हे पूर्ण नाव आज लॉकर परत करताना बँकेत मोठ्याने वाचले गेले आणि मी उभ्याउभ्या दचकलो. घरात मी तुला नावाने कधी हाक मारली नाही. "ऐकलेस का" एवढ्यावर आपला संसार झाला. तू गेल्याला अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत, गेल्या आठवड्यापर्यंत, आपल्या दोघांच्या नावाचा लॉकर मी एकदाही उघडला नव्हता. दुःखामुळे, असे सर्वांना वाटत असे आणि मी ते वाटू दिले. खरे कारण भीती हे होते. आत कागदाच्या पुडीत तो हिरा होता, आणि लेकीचे लग्न ठरल्यावर तो बाहेर काढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

हिरा घेतला तो दिवस तुला ठाऊक नाही, कारण तू सोबत नव्हतीस. चौकाच्या गल्लीतला आपला सोनार चिमट्यात खडा धरून मला समजावीत होता, "बाबूजी, नाक में दो-तीन सेंट का, राई-भर नग बहुत है, उससे भारी हुआ तो नाक खिंचेगी. कान में जोड़ी बराबर की, और हल्की. रोज़ की अँगूठी में छोटा नग, सोने में धँसा हुआ. ये तो आधे कैरट से ऊपर है, इसको गले में लटकाइए." मी म्हणालो, अंगठीतच हवा, आणि उंच बसवा, लांबून दिसला पाहिजे. तो म्हणाला, "ऊँचा बैठेगा तो कपड़े में अटकेगा, बहूजी आटा भी गूँधेंगी." रेल्वेच्या कारखान्यात केसाएवढा फरक पकडून माल परत पाठविणारा मी, एका सोनाराने मला मापे शिकवावीत, हे मला रुचले नाही. खडा अंगठीतच बसला, उंच, चार बारीक नखांवर. सोनाराचा इशारा मात्र मी तुला सांगितला नाही.

आणि मग ब्रह्मा घाटावर वहिनींच्या घरी पुतणीची ती मंगळागौर. ती दुपार अजूनही डोळ्यांसमोर आहे. पूजा आटोपली आहे, बायका फुगड्या घालीत आहेत, तू माझ्या वहिनींचे हात धरून गरगरते आहेस, मी तुला इतके हसताना क्वचितच पाहिले आहे. वहिनींच्या बनारसीच्या जरीत अंगठीचे नख अडकते, तू हात ओढतेस, आणि बोटावर रिकामी बैठक उरते. सर्वांसमक्ष मी म्हणालो, "ज्या वस्तूची किंमत कळत नाही, ती अंगावर घालू नये." वहिनी धापा टाकीत म्हणाल्या, "अहो भावजी, हिराच गेलाय, बायको शाबूत आहे की!" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. गौरीपुढच्या पत्रीच्या ढिगाशी बसून तू एकेक पान उलटून पाहू लागलीस, आघाडा, दूर्वा, बेल. मी दारात उभा होतो. सोनाराचे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होते. संध्याकाळच्या सुमारास खडा सापडला, तू तो माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "मोजून घ्या."

त्यानंतर तू ती अंगठी घातली नाहीस. पुढे चार वर्षांनी तू गेलीस.

गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन मी त्याच दुकानात गेलो. सोनार आता थकला आहे, पण नजर तीच. मला एकच धास्ती होती, तो तिच्यादेखत जुने काही बोलेल. त्याने पुडी उघडली, खडा उजेडात फिरविला आणि हसून म्हणाला, "हम तो तबहीं बोले थे बाबूजी, इसको गले में डालिए." मी लेकीकडे पाहण्याचे टाळले. ती सहज म्हणाली, "बाबा, गळ्यातच करू. अंगठीत मला छोटासाच हवा, सोन्यात बुडलेला. दिवसभर लॅबमध्ये ग्लव्हज घालते मी, उंच नग असला तर फाटतील, समझा करो ना." मग आवाज उतरवून तिने सांगितले, "आईला माहीत होतं. अंगठी दुरुस्तीला आणली आणि तशीच परत नेली, तेव्हा या काकांनीच सांगितलं तिला. मी सोबत होते. म्हणाली, बाबांना विचारू नकोस, ते स्वतः सांगतील."

हे ऐकून माझी भीती संपावयास हवी होती. उलट तिने आता दुसरे रूप घेतले आहे. तुला कळेल म्हणून मी भीत होतो, आणि तू चार वर्षे, रोज माझ्यासमोर ताट मांडून, माझ्या सांगण्याची वाट पाहत होतीस. आजारात शेवटी तू माझ्याकडे टक लावून पाहत असायचीस, ते कशासाठी होते, हे मी आता कोणाला विचारू?

पदक तयार झाले आहे. साखळीची कडी मी तीनदा ओढून पाहिली, लेक म्हणाली, "बस करो बाबा, तुटेल." ते तिच्या गळ्यात शोभते. खडा तिथे मोठा वाटत नाही, बेताचाच वाटतो.

हे पत्र कोठे धाडावे हे मला ठाऊक नाही, म्हणून ते टेबलाच्या खणात राहील. सोनाराने मला सावध केले होते. हिरा तू हरविला नव्हतास. हे एवढे वाक्य लिहावयास मला इतकी वर्षे लागली, आणि लिहितानाही मी खोलीचे दार आतून लावून घेतले आहे.

लॉकर आज रिकामा केला. दार बंद केले, कुलूप लागल्याची खात्री केली आणि किल्ल्या परत केल्या.