गच्चीवरच्या खोलीची किल्ली

कैरो, जून २०२०

प्रिय इनसाफताई,

तुला आणि घरातल्या लहानथोरांना सलाम.

तुझ्या भावावर घोर अन्याय झाला आहे. न्हाव्यांची दुकानं बंद, म्हणून मी स्वतःच केस कापले. आता शेजारणीची मांजरसुद्धा मला बघून तोंड फिरवते. बाकी काळजी नको. चार खोल्यांत मी एकटाच, आजार येणार कुठून? तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या इमारतीचा दरवान शाझली तापानं आजारी होता. डॉक्टर म्हणाले, वेगळ्या खोलीत राहा. जिन्याखाली त्यांची एकच खोली, माणसं सहा. त्याची बायको दौलत मला म्हणाली, "साहेब, गच्चीवरची तुमची खोली द्या ना. रद्दीच तर आहे तिथं."

"उद्या आवरून देतो," मी म्हणालो. ताई, ती रद्दी म्हणजे गरिबांच्या बाजूनं लिहिलेले माझे लेख. असे तीन 'उद्या' गेले.

चौथ्या दिवशी किल्ली घेऊन उतरलो. दौलत म्हणाली, "राहू द्या साहेब. आता खाली जागा झालीय."

शाझली पहाटेच गेला होता.

बाबा गेले तेव्हा तो माझ्याबरोबर गावी आला होता, आठवतं? तीन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला दुखवट्याची कडू कॉफी देत उभा होता. सध्या सांत्वनाला जमायची बंदी आहे. तरी आज मी त्याच्या दाराशी पायरीवर बसलो. दौलतनं कप पुढे केला. मी मास्क खाली ओढला आणि सगळी कॉफी प्यालो.

मुलांना जवळ घे.

तुझा धाकटा,
राऊफ