सरकारी यंत्राला दिलेलं उत्तर

माय, आज परतवाड्याच्या आरोग्य शिबिरातून आले ती डोकं तापवूनच, आणि राग काढायला तुझ्याशिवाय कोणी सुचेना. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, तरी लिहिते. तुझ्यासारखीच मी नर्स झाले, पण आता आमच्याकडे सरकारचं एआय आलंय. टॅबमध्ये बाईची माहिती भरली की तिला पुढे कोणता आजार होऊ शकतो ते सांगतं म्हणे. आधी संमती घ्यायची. मी वाचून दाखवते, माहिती सरकारकडे राहील, नको असेल तर नाही म्हणा. दुसऱ्या ओळीलाच अंगठा पुढे येतो. पाळी, पडलेली पोटं, नवऱ्याचं पिणं, सगळं भडाभडा. आज एकीला म्हटलं, "बाई, ऐकून तर घ्या. हे कुठं कुठं जाईल, मलेही ठाऊक नाही."

"जाऊ द्या ना मॅडम. मशीन काय आमच्या गल्लीत सांगत फिरून राहिली? सांगतात ते मानसं."

रांगेतल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मला तुझा दवाखाना दिसत होता. तू स्टोव्हवर सुया उकळतेस, दारात एक सासू उभी आहे, सुनेला काय झालं म्हणून खोदून विचारते. "तिलेच विचारा," एवढंच तू म्हणतेस. तिने वर तक्रार केली, तरी तू बोलली नाहीस. जेवताना मी विचारलं तर पोळी हातात तशीच धरून मला झापलंस, "दवाखान्यातलं घरात आणायचं नाही." तेवढ्यावर माझी सारी नोकरी झाली, आणि इथे बायका तेच वाटून टाकतात.

शेवटी त्याच टॅबमध्ये आम्हा कर्मचाऱ्यांचीही नोंद झाली. सोबतच्या सिस्टरने विचारलं, "मॅडम, तुमच्या आईले काही मोठा आजार होता का?"

मी नाही म्हटलं. माय, छातीतली गाठ तू पदराखाली ठेवून दुसऱ्यांना तपासत राहिलीस. मला दिसली तेव्हा ती फुटली होती, आणि तेव्हाही तू म्हणालीस, "कोणाले सांगू नको." बाबा गेले ते तू तापानेच गेलीस असं समजून. त्या बायका सगळं सांगतात म्हणून मी दिवसभर चिडले होते, पण तू काहीच सांगितलं नाहीस, त्याचा राग त्याहून जुना निघाला.

"थांब," मी म्हटलं, "खोड ते. कॅन्सर लिही. छातीचा."

तिने लिहिलं. माझ्या पोरीला मात्र अजून ठाऊक नाही. तिच्याआधी मी सरकारला सांगितलं.