तिसऱ्या नळीचे वय

११ जानेवारी २०२४

चर पुरा झाला. दहा मीटर लांब, माणूसभर खोल.

बपेऱ्याच्या अलीकडे, बावनथडी नदीपासून थोड्या अंतरावर, शेतांतून एक पायरी जाते. तीन मीटर उंच, सरळ, दोन किलोमीटर लांब. गावाला तिचे काही वाटत नाही. धानाच्या वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरायचे, एवढेच. नदीने कापलेला जुना काठ असेल तर ती निरुपद्रवी आहे. भूकंपात जमीन फाटून एक बाजू खचली असेल तर नाही.

चराच्या भिंतीत उत्तर दिसले. थर सरळ येतात, एका तिरप्या रेषेपाशी तुटतात, पलीकडे खाली सुरू होतात. सर्वांत वरचा वाळूचा थरसुद्धा तुटलेला. नदी थर कापते, सरकवत नाही.

जमीन फाटली आहे. केव्हा, एवढेच राहिले.

१२ जानेवारी

तीन लोखंडी नळ्या भिंतीत ठोकल्या. एक तळाशी, एक मध्ये, एक वरच्या वाळूत. वाळूच्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले ते प्रयोगशाळेत मोजता येते. म्हणून वाळू नळीतच राहिली पाहिजे, तोंडे बंद, काळी टेप. उजेड लागला की कणातले सगळे वय पुसले जाते.

वरची नळी ठिबकते आहे. वरच्या बांधीत उन्हाळी धानाच्या रोपांचे परे टाकलेत, त्यांचे पाणी झिरपते.

अंदाज: वरचा थर चार हजार वर्षांचा. म्हणजे भूकंप त्यानंतरचा.

१३ जानेवारी

माझे मार्गदर्शक धनंजय सरांनी नागपूरला बोलावले. फेलोशिपची मुदतवाढ, सह्या. नळ्या टिकारामभाऊंच्या घरी ठेवल्या, मी उतरले आहे तिथेच, धानाच्या कोठीशेजारी. त्यांना दोनदा बजावले — लाइट लागू द्यायचा नाही. "फिकर नोका करू मॅडम, लेकरासारख्या सांभाळतो."

१६ जानेवारी

परतले. टिकारामभाऊंच्या बायकोने, मंदाबाईंनी, तिळाचे लाडू बांधून ठेवलेले. नळ्या जागच्या जागी. तिसरीची टेप फार नीट गुंडाळलेली. मी इतकी नीट गुंडाळते हे मला ठाऊक नव्हते.

२ मे

प्रयोगशाळेचा अहवाल आला.
पहिली नळी: चौदा हजार वर्षे.
दुसरी: नऊ हजार.
तिसरी: जवळजवळ शून्य.

चारदा वाचले. शंभर वर्षांच्या आतली वाळू, आणि ती तुटलेली. म्हणजे आजोबांच्या काळात इथे जमीन फाटली. फाटली असेल तर पुन्हा फाटेल.

सर फोनवर म्हणाले, "कुणाशी बोलू नकोस. आठ दिवसांत लेख पाठवू."

९ मे

कुणाशी बोलू नको म्हणाले होते. बोलले.

टिकारामभाऊंच्या नव्या घराचा पाया पायरीच्या अगदी कडेवर आहे. खाली पाणी भरते, म्हणून वर. जोत्यापर्यंत काम आलेले. मी म्हटले, इथे बांधू नका.

ते जोत्यावर बसले. "मॅडम, दुसरी जागा नाही मायाजवळ." नंतर, "तुम्ही म्हणता त थांबतो."

मंदाबाई: "धरतीले भेग पडली म्हणता? आमच्या टाचीले बी आहे. म्हणून का चालणं सोडलं आम्ही?" हसल्या. ते हसले नाहीत.

१५ मे

लेख गेला. सरांचे नाव आधी, माझे नंतर.

२० मे

अहवालाचे शेवटचे पान आज नीट पाहिले. प्रत्येक नळीतला ओलावा. पहिली एकोणीस टक्के, दुसरी सतरा. तिसरी दोन.

तिसरी ठिबकत होती.

२१ मे

सरांना विचारले. "टेप सैल असेल, सुकली असेल वाटेत. ओलाव्यावर कुणी लेख थांबवतं का?"

टेप सैल नव्हती.

२२ मे

दोन टक्के.

१ जून

गावात आले. वैशाखाचे ऊन. टिकारामभाऊंचे घर बांधणारा भूपेंद्र मिस्त्री पाराशी बसला होता. "मॅडम, तुमच्यापायी माया थापीले गंज चढून राहिला." मी थांबले नाही.

अंगणात मंदाबाई बियाण्याचे धान सुपाने पाखडत होत्या. मी शेजारी बसले. जानेवारीतल्या नळ्यांचा विषय काढला. मला आडवळणाने विचारावेच लागले नाही.

"ते एक वल्ली होती न वो. कोठीपाशी पाणी गळून राहिलं होतं. म्या म्हटलं, पोरगी इतक्या मेहनतीनं ठोकून आणली, असंच ठेवलं त बुरशी येईन. सुपात पसरवली, दोन दिवस चांगलं ऊन दाखवलं. कण इकडचा तिकडं होऊ नाही देल्ला. मंग भरून, पट्टी गुंडाळून जागच्या जागी ठेवली."

बियाणे असेच वाळवतात इथे. ओले ठेवलेले बियाणे मरते.

"यायले सांगतलं होतं मी," त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी वळवली. "थे म्हणे, चांगलं केलं."

टिकारामभाऊ म्हणाले, "तुम्ही लाइट लागू देऊ नका म्हटलं. म्या लाइट लावलाच नाही. उन्हाचं कुठं म्हटलं होतं?"

मी दोनदा बजावले होते. पुरुषाला. सूप कोणाच्या हातात असते ते रोज पाहत होते. तिला एकदाही सांगितले नाही.

"काहून वो, काई बिघडलं का?" मंदाबाईंनी विचारले.

नाही म्हटले.

३ जून

सरांना सगळे सांगितले. "एका बाईच्या सुपावरून मी माघार घ्यायची?" नंतर बराच वेळ इतर गोष्टी. माझी मुदतवाढ, विभागात माझे स्थान. शेवटी, "तू पत्र लिही. तुझ्या नावाने."

लिहिले. लेख मागे घेतला. कारण: तिसऱ्या नमुन्याला ऊन लागले.

६ जून

चराचे एक टोक पुन्हा उघडले. वरच्या वाळूत नवी नळी ठोकली. या वेळी माझ्याच बॅगेत, माझ्याच खोलीत. प्रयोगशाळा म्हणते, रांग मोठी आहे, सहा महिने धरा.

निघताना टिकारामभाऊ आडवे आले. मंदाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत म्हणे. सूनबाईने मोबाइलवर कुठेतरी वाचून सांगितले की अशा वाळूला ऊन लागू द्यायचे नसते, बिघडले ते त्यांच्यामुळे. त्या दारातच उभ्या होत्या. पदर तोंडाशी.

"मॅडम, मंग थे तारीख खोटी?"

"खोटी."

"म्हणजे बांधू न घर?"

खरे उत्तर होते: खराब नमुना काहीच सांगत नाही. धोका आहे असेही नाही, नाही असेही नाही. हे वाक्य मी वर्गात दहा वेळा सांगितले आहे.

दारातल्या बाईकडे पाहिले. म्हणाले, "जमीन फाटली ती चार हजार वर्षांपूर्वी. बांधा."

चार हजार हा माझा अंदाज होता. जानेवारीतला, तोही थराच्या वयाचा.

मंदाबाईंनी आत जाऊन चहा ठेवला.

१४ ऑगस्ट

मुदतवाढ नाकारली. तुमसरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आहे.

९ नोव्हेंबर

भूपेंद्र मिस्त्रीने फोटो पाठवला. भिंती उभ्या, खिडक्यांच्या चौकटी बसलेल्या. खाली संदेश: थापी पयलेसारखी चमकून राहिली.

बरे वाटले. वर्षभरात पहिल्यांदा.

२८ नोव्हेंबर

टिकारामभाऊंचा फोन. उद्या स्लॅब टाकतात. पूजेला या. मंदाबाईंनी मागून ओढून घेतला — "तुयाच हातानं नारळ फोडाचा आहे, पोरी. तू म्हटलं म्हणून बांधलं."

३० नोव्हेंबर

काल जाऊन आले. नारळ फोडला. मंदाबाईंनी सुपात तांदूळ घेऊन चारही कोपऱ्यांत टाकले. जोत्याच्या कडेशी उभे राहून पायरीखालच्या धानाकडे पाहिले. कापणी झालेली. सरळ रेषा स्पष्ट दिसते.

४ डिसेंबर

नवी नळी, तुटलेल्या वरच्या वाळूतली. ओलावा अठरा टक्के. उजेड लागल्याची खूण नाही.

वय: एकशेचाळीस वर्षे. वीस कमी-जास्त.